स्पेनच्या दक्षिणेतला वसंत: सण, खाणं आणि मला सतत विचारले जाणारे प्रश्न

दोनदा जाऊन आले, एकदा नवऱ्याबरोबर ईस्टरच्या आठवड्यात आणि एकदा आईला घेऊन मे महिन्यात. तेव्हापासून दर आठवड्याला कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, की अगं अंदालुसियाचं (म्हणजे स्पेनच्या या दक्षिण भागाचं) काय ते सांग ना जरा. तेच तेच टाइप करून कंटाळले, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकते.

नक्की कधी जायचं? दर साइटवर वेगळ्याच तारखा का दिसतात?

कारण तिथेही आपल्यासारखाच चंद्राचा कारभार आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, आणि बाकीचं अर्धं कॅलेंडर त्याला लटकलेलं असतं. ईस्टरच्या आधीचा आठवडा म्हणजे सेमाना सांता, मिरवणुकांचा. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी सेवियाची फेरिया, म्हणजे जत्रा (आपण ज्याला सेव्हिल म्हणतो ते, तिथले लोक सेविया म्हणतात). आणि ईस्टरनंतर सात आठवड्यांनी रोसिओची यात्रा. उदाहरणार्थ २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे म्हणजे रोसिओचा मुख्य रविवार १६ मे, पण २०२८ मध्ये ईस्टर १६ एप्रिलला, म्हणजे रोसिओ गेलं थेट ४ जूनला. म्हणून मागच्या वर्षीचा कुणाचा तरी प्लॅन कॉपी करून तिकिटं काढू नका, माझ्या मैत्रिणीने काढली होती, सेवियाला पोचली तेव्हा मांडव उतरवायचं काम चालू होतं.

चंद्राशी देणंघेणं नसलेले सणही आहेत. ग्रनादाचा क्रुसांचा दिवस ३ मे ला, आणि कोर्दोबाचा पातियोंचा, म्हणजे फुलांच्या अंगणांचा सण मेच्या पहिल्या पंधरवड्याच्या आसपास. तारखांची धाकधूक नको असेल तर मे पकडा.

दहा दिवसांत सगळं होईल का?

नाही. आणि करूही नका. मला येणाऱ्या प्लॅनमध्ये सेविया दोन दिवस, कोर्दोबा एक, ग्रनादा दीड, मालागा एक, हेरेस "जाता जाता" असं असतं आणि वाचूनच माझे पाय दुखायला लागतात. हे सण रात्री चालतात, दुपारी गाव झोपतं, आणि मजा येते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, जेव्हा कोपऱ्यावरचा बारवाला तुम्हाला बघून न विचारता कॉफी लावतो. दोन गावं घ्या, फार तर तीन. माझं मत विचाराल तर मेचा पहिला आठवडा कोर्दोबा आणि नंतर हेरेस, या जोडीला तोड नाही.

सेमाना सांता म्हणजे शोकाचा आठवडा ना? आपण ख्रिश्चन नाही, बघायला गेलेलं चालतं का?

बिनधास्त जा. शोक आहेच, पण आपल्याकडे मोहरमचे ताबूत बघायला जसा अख्खा गाव लोटतो ना, साधारण तसं. सेवियात प्रत्येक वस्तीतल्या चर्चचं एक मंडळ असतं, एर्मांदाद म्हणतात त्याला, आणि अशी साठेक मंडळं आठवडाभरात आपापल्या मूर्ती घेऊन कॅथेड्रलपर्यंत जाऊन परत येतात. कुणाची मूर्ती भारी, कुणाचा बँड भारी यावरून तिथेही तीच भांडणं चालतात जी आपल्याकडे गणपतीत होतात, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या माणसाला काहीही परकं वाटत नाही.

मूर्ती ज्या मखरावर असते त्याला पासो म्हणतात, वजन टनाच्या वर, आणि चाकं नाहीत. खाली तीस-चाळीस माणसं मानेच्या मणक्यावर तो भार घेऊन चालतात, बाहेरून दिसतात फक्त त्यांचे कॅनव्हासचे बूट. पुढचा मुकादम चांदीचा ठोकळा तीनदा आपटतो, तिसऱ्या ठोक्याला आख्खा पासो एका झटक्यात हवेत उचलला जातो आणि गर्दीतून एकदम श्वास सोडल्यासारखा आवाज येतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा गुरुवार-शुक्रवारमधली रात्र होती, तिला ते माद्रुगा म्हणतात, पहाटेचे चार-साडेचार वाजले असतील, गल्ली एवढी अरुंद की आम्ही भिंतीला पाठ लावून उभे. दिवे बंद. धुपाचा वास, वितळत्या मेणाचा वास आणि वरून कडू संत्र्यांच्या झाडांना आलेल्या मोहोराचा वास, हे तिन्ही एकत्र, आणि आवाज फक्त बूट जमिनीवर घासल्याचा. शेजारी एक पाच-सहा वर्षांची मुलगी होती, तिच्या हातात चांदीच्या कागदावर गोळा केलेल्या मेणाचा लिंबाएवढा गोळा. प्रत्येक मेणबत्तीवाल्यापुढे ती तो गोळा धरायची, आणि तो टोकदार टोपीवाला गंभीर माणूस मेणबत्ती वाकवून त्यावर चार थेंब पाडायचा. तिथली पोरं वर्षानुवर्षं हा गोळा मोठा करत नेतात.

माद्रुगा बघायची असेल तर दुपारी झोपा. आणि पाऊस आला तर मिरवणूक रद्द होते, लोक खरंच रडतात, तेव्हा फोटो काढू नका.

त्या टोकदार टोप्या... त्या अमेरिकेतल्या वर्णद्वेषी कू क्लक्स क्लानवाल्या लोकांच्या...?

नाही, काहीही संबंध नाही. ही प्रायश्चित्त घेणाऱ्यांची शेकडो वर्षं जुनी टोपी आहे, चेहरा झाकायचा म्हणजे पाप कबूल करणारा कोण हे कळू नये. पुढचा प्रश्न.

फेरिया म्हणजे नक्की काय? आत एंट्री मिळते का? कुणी म्हणतं सगळं प्रायव्हेट असतं.

सुरुवात गुरांच्या बाजारापासून झाली, १८४७ मध्ये, आणि गंमत म्हणजे कल्पना मांडणाऱ्या दोघांपैकी एक कातालान आणि एक बास्क, म्हणजे सेवियाचा सगळ्यात सेवियन सण बाहेरच्यांनी काढलेला. हळूहळू गुरं गेली आणि मांडव राहिले. आता गावाच्या कडेच्या मोठ्या मैदानावर हजाराच्या वर पट्टेरी मांडव लागतात, त्यांना कासेता म्हणतात, रस्त्यांना बुलफायटरांची नावं, वर कागदी कंदील. पहिल्या रात्री तळलेली मासळी खायची, आणि मध्यरात्री प्रवेशद्वाराची सगळी रोषणाई एकदम लागते.

आता एंट्री. मैदानात फिरायला कुणीही अडवत नाही, तिकीटही नाही. पण सेवियातले बहुतेक कासेते घरगुती किंवा मित्रमंडळींचे असतात, दारात माणूस उभा, नाव नसेल तर आत नाही. याचा लोकांना राग येतो, मला पण पहिल्या तासात आलाच होता, छान साडी-बिडी नेसून आपण रस्त्यावर आणि आत नाच चाललाय! पण विचार करा, तुमच्या घरच्या गणपतीच्या जेवणावळीत कुणी अनोळखी टुरिस्ट घुसला तर? सार्वजनिक कासेते आहेत, वॉर्डांचे, कामगार संघटनांचे, राजकीय पक्षांचे, त्यांत सरळ जाऊन बसा. आणि हे सगळं झंझट नको असेल तर हेरेसची घोड्यांची फेरिया बघा, मे महिन्यात असते, तिथे जवळजवळ सगळे मांडव सगळ्यांना खुले. घोडे तर असे की माणसापेक्षा त्यांचाच थाट जास्त. आईला सेवियापेक्षा हेरेस दहापट आवडलं.

दुपारी घोडे आणि बग्ग्या, रात्री नाच. सेवियानास नावाचा नाच चार भागांचा असतो, पहिल्या भागाच्या चार स्टेप यूट्यूबवरून शिकून जा, कुणीतरी हात धरून ओढतंच.

घालायचं काय? तो झालरीवाला ड्रेस विकत घ्यावा का?

महाग असतो आणि अंगाबरोबर शिवलेला नसेल तर गादीची खोळ घातल्यासारखा दिसतो. आई इरकल नेसून गेली होती, वर कानामागे एक कागदी फूल लावलं, तेवढ्यावर तीन आज्यांनी तिच्याबरोबर फोटो काढून घेतले. नीटनेटके कपडे हवेत एवढंच. जमीन पिवळ्या मातीची आहे तेव्हा पांढरे बूट नकोत. हाफ पँट आणि बॅकपॅक घालून गेलात तर कुणी बोलणार नाही पण बघतील मात्र सगळे.

कोर्दोबाचे पातियो: नुसती फुलांची अंगणं बघायला एवढ्या लांब जायचं?

हा प्रश्न नवऱ्याने विचारला होता. तो मेच्या ट्रिपला आला नाही आणि अजून पस्तावतोय.

पातियो म्हणजे आपल्या वाड्याचा चौक. चारी बाजूंनी खोल्या, मधे उघडं अंगण, विहीर किंवा कारंजं, उन्हाळ्यात चाळिशी पार करणाऱ्या गावात घर गार ठेवायची जुनी युक्ती, आधी रोमन, मग अरब, मग सगळेच. त्या चौकांच्या पांढऱ्याशुभ्र भिंतींवर खालपासून छपरापर्यंत शेकडो कुंड्या टांगलेल्या, बहुतेक निळ्या, त्यात जिरेनियम. १९२१ पासून याची स्पर्धा होते आणि २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं. यातला कळीचा मुद्दा असा की ही लोकांची राहती घरं आहेत. एरवी दार बंद, मे मध्ये ते दोन आठवडे सकाळी आणि संध्याकाळी उघडतात, फुकट, मधे दुपारी बंद कारण त्यांनाही जेवायचं असतं.

सान बासिलिओ भागात एका आजींच्या चौकात आम्ही दार बंद व्हायच्या जरा आधी शिरलो. त्या वरच्या कुंड्यांना पाणी घालत होत्या, शिडीशिवाय. लांब वेताच्या काठीच्या टोकाला पत्र्याचा छोटा डबा बांधलेला, तो बादलीत बुडवायचा, वर न्यायचा, मनगट किंचित वळवलं की पाणी बरोब्बर कुंडीत, एक थेंब भिंतीवर नाही. आईने खुणेने विचारलं मी करू का. दिली काठी. पहिला डबा सगळा आईच्याच डोक्यावर. दोघी एवढ्या हसल्या, आणि नंतर आजींनी तिला जिरेनियमची काडी मोडून ओल्या टिश्यूत गुंडाळून दिली. भाषा एकीलाही कळत नव्हती.

शनिवार-रविवारी रांगा लागतात, मधल्या वारी जा. संध्याकाळचं सत्र उघडतं तेव्हा. दाराशी वाटी असेल तर सुट्टे टाका, पाणी आणि कुंड्यांचा खर्च असतो. अजिबातच रांग नको असेल तर वियाना राजवाडा आहे, तिकीट काढून बारा चौक एकाच ठिकाणी, पण त्याला घराचा वास नाही.

आम्ही व्हेज आहोत. उपाशी मरू का?

मरणार नाही, पण भाषा शिका. तिथे "मांसाशिवाय" म्हटलं तर पोर्कच्या हॅमचे तुकडे घालून आणतात, कारण हॅम म्हणजे त्यांच्या लेखी कोथिंबीर. तर वाक्य पाठ करा: "सिन हामोन, सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन आतुन." हॅम नको, मांस नको, मासा नको, ट्यूना नको. ट्यूना वेगळा सांगावा लागतो, सॅलडमध्ये गुपचूप येतो.

मग हे मागवा. सेवियात पालक-छोले, एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, जिरं आणि लसूण घातलेलं, वर तळलेला पाव, तुम्हाला वाटेल कुणीतरी घरचा डबा पाठवला. कोर्दोबात साल्मोरेखो, टोमॅटो, शिळा पाव, लसूण आणि भरपूर ऑलिव्ह तेल घोटून केलेलं गार दाट सूप, वरचं हॅम आणि अंडं काढायला सांगा. वांग्याच्या तळलेल्या काचऱ्या, वर उसाची काकवी. हो, काकवीच, ग्रनादा-मालागाच्या किनाऱ्यावर ऊस व्हायचा पूर्वीपासून. आणि इथे एक गंमत सांगते, वांग्याला ते बेरेन्खेना म्हणतात, तो शब्द अरबी-फारसीतून तिकडे गेला आणि मुळात आपल्याच संस्कृतातून निघाला, म्हणजे वांगं आणि बेरेन्खेना चुलत बहिणी. नारांखा आणि नारिंग, आसुकार आणि साखर, तीच कथा. आईला हे कळल्यावर तिने दर मेन्यूत नातेवाईक शोधायला सुरुवात केली.

मालागाकडे आहोब्लांको मिळतं, बदाम-लसणाचं पांढरं गार सूप, वर द्राक्षं. सकाळी भाजलेला पाव, त्यावर टोमॅटोचा कीस आणि तेल. क्रोकेता म्हणजे तळलेल्या कटलेटसारख्या प्रकाराच्या बाबतीत मात्र सावध, पालकाचा म्हणून घेतला तरी आत हॅम निघू शकतं. डाळीच्या नि छोल्यांच्या गरम भाज्यांत हाडाचा रस असू शकतो, विचारा. जैन असाल तर खरंच अवघड आहे, लसणाशिवाय तिथे पान हलत नाही, किचनवालं घर घ्या.

आणि आम्ही मालवणचे, मासे खाणारे?

मग तुम्ही स्वर्गात चाललाय. कादिसला तोर्तियितास दे कामारोनेस खा, बारीक कोळंबी बेसनासारख्या पिठात घालून केलेली कुरकुरीत जाळीदार भजी, डोळे मिटून खाल्लं तर जवळ्याची भजी. मोरी व्हिनेगर, जिरं, ओरेगानोत मुरवून तळलेली, नाव कासोन एन आदोबो. मालागाच्या बीचवर जुन्या होडीत वाळू भरून त्यात लाकडं पेटवतात आणि सहा-सहा सार्डिन म्हणजे आपले तारलेच की, बोरूच्या काडीला ओवून विस्तवाकडे तिरके खोचतात. मे पासून ते चांगले चरबीदार व्हायला लागतात.

आणि ट्यूना. बार्बाते, साहारा, कोनिल, तारिफा या चार गावांपाशी एप्रिल ते जून अटलांटिकमधून भूमध्य समुद्रात अंडी घालायला निघालेला मोठा ब्लूफिन ट्यूना जाळ्यांच्या चक्रव्यूहात धरतात, फिनिशियन लोकांच्या काळापासूनची पद्धत. मासा कापायला घेतात तेव्हा सुरी कण्यावरून जाताना घोरल्यासारखा आवाज होतो, म्हणून त्या कापण्यालाच "घोरणं" अशा अर्थाचं नाव आहे, रोंकेओ. मे मध्ये साहाराला तापास (म्हणजे छोट्या बशीतलं खाणं) मार्ग असतो, प्रत्येक बार ट्यूनाची एक स्वतःची डिश करतो, तुम्ही बार बार फिरायचं. मोहामा नक्की घ्या, खारवून वाळवलेला ट्यूना, पातळ काप, वर तेल. आपल्या सुक्या मासळीचा श्रीमंत मावसभाऊ.

शेरी प्यायची म्हणजे ती गोड गोड आजीबाईंची वाइन ना?

अजिबात नाही. तिथे फेरियात पितात ती फिनो किंवा मान्सानिया, कोरडी ठणठणीत, बर्फासारखी गार, १५ टक्क्यांच्या आसपास. तरुण पोरं त्यात लेमन सोडा आणि बर्फ घालून जार भरून करतात, रेबुहितो नाव, सरबतासारखं उतरतं आणि मग उठताना कळतं.

हेरेसमधल्या एखाद्या शेरीच्या वखारीत जरूर जा. पिंपांच्या रांगा एकावर एक, बाटलीत भरायची ती सगळ्यात खालच्या रांगेतून, तीही थोडीच, मग वरच्या रांगेतून खालची भरायची, तिच्या वरच्या रांगेतून ती. पिंप कधीच पूर्ण रिकामं होत नाही. विरजणासारखंच, पणजीच्या काळचं थोडंसं आजच्या दह्यात आहेच. संध्याकाळी ताबांको शोधा, जुनी पिंपवाली दारूची दुकानं, ग्लास स्वस्त, आणि कधी कधी कोपऱ्यात कुणीतरी गायला लागतं.

ग्रनादात खाणं खरंच फुकट?

ड्रिंक घेतलं की बरोबर एक तापा येतो, हो. कुठला ते बहुतेक बारवालाच ठरवतो, म्हणून व्हेजवाल्यांनी आधीच सांगा. ३ मे ला चौकाचौकात लाल कार्नेशनचे क्रूस उभे करतात, त्याच्या पायाशी एक सफरचंद ठेवलेलं दिसेल आणि त्यात कात्री खुपसलेली. तिथे एका जातीच्या सफरचंदाला "पेरो" म्हणतात आणि "पेरो" म्हणजे "पण". छान आहे पण..., असं म्हणणाऱ्यांचा "पण" आधीच कापून टाकला! हे पुण्यात सुरू व्हायला हवं.

रोसिओ म्हणजे त्यांची वारी असं ऐकलं?

मी स्वतः गेले नाहीये, पण सेवियातून निघताना एक दिंडी बघितली, आणि हो, दुसरा शब्द सुचत नाही. प्रत्येक गावाचं मंडळ, त्यांचा चांदीचा रथ, रथाला बैलजोडी, मागे चालणारी माणसं, ढोल-बासरी, गाणी. दिवसचे दिवस चालत, दोन्यानाच्या वाळूतून, एल रोसिओ नावाच्या गावी. सोमवारी पहाटे आल्मोन्ते गावची पोरं कठडा ओलांडून मूर्ती बाहेर काढतात. फरक एवढाच की या वारीत वाइन चालते. राहायला जागा मिळणं महाकठीण, तेव्हा पहिल्या ट्रिपला नकोच.

आई-बाबांना नेता येईल का? जेवणाच्या वेळांचं काय?

वेळांचंच खरं दुखणं आहे. दुपारचं जेवण दोनच्या पुढे, रात्रीचं नऊच्या पुढे, सातला किचन उघडं नसतं म्हणजे नसतं. आईला मधुमेह, म्हणून आम्ही पर्समध्ये खाकरे आणि सहा वाजता कॉफी-तोस्तादा (भाजलेला पाव) असा हिशोब ठेवला. फरसबंदी दगडी आहे, बूट चांगले हवेत. मेच्या मध्यावर कोर्दोबात पस्तीसपर्यंत जाऊ शकतं, दुपारी खोलीत पडा, सगळं गाव तेच करतं.

व्हिसा, ट्रेन, हॉटेल?

शेंगेन व्हिसा, मोठ्यांना ९० युरो, सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तर करा. माद्रिद ते सेविया फास्ट ट्रेन अडीच तास, सेविया-कोर्दोबा पाऊण तास, सेविया-हेरेस तासभर. फेरिया आणि सेमाना सांताच्या दिवसांत सेवियात हॉटेलचे भाव डोळे पांढरे करतात, कोर्दोबात राहून ये-जा करता येते, फक्त शेवटच्या परतीच्या ट्रेनची वेळ बघून ठेवा, आम्ही एकदा चुकवली आणि स्टेशनाबाहेर चुरोस खात सकाळ केली.

जागोजागी "आय काराकोलेस" अशी पाटी दिसते, ते काय?

गोगलगायी आल्या आहेत, अशी पाटी. वसंतातलं खास खाणं, मसालेदार रश्शात, टूथपिकने काढून. मी एक खाल्ली. रस्सा मात्र दोन वाट्या प्यायले.

येताना काय आणायचं?

मठातली मिठाई. सेवियात सान लेआंद्रोच्या मठात जोगिणी (नन) येमास करतात, अंड्यातल्या पिवळ्याची साखरेत घोळलेली पेढ्यासारखी वडी. असं सांगतात की वाइन गाळायला वाइनवाले अंड्याचा पांढरा वापरायचे आणि उरलेलं पिवळं मठांना द्यायचे, त्यातून ही निघाली. या जोगिणी बाहेरच्यांना तोंड दाखवत नाहीत. भिंतीत एक लाकडी फिरतं कपाट असतं, तुम्ही घंटी वाजवायची, आतून आवाज येतो "आवे मारिया पुरिसिमा", तुम्ही म्हणायचं "सिन पेकादो कोन्सेबिदा", मग पैसे कपाटात ठेवायचे, कपाट करकरत आत फिरतं आणि डबा घेऊन बाहेर येतं. आईला ते स्पॅनिश वाक्य काही जमेना, तिने सरळ "नमस्कार" म्हटलं. आत क्षणभर शांतता, मग कुणीतरी खुदकन हसलं आणि डबा आला.

सुट्टे पैसे न्या, आणि अंडं न खाणाऱ्यांसाठी बदामाची मिठाई मागा, तीत अंडं नाही ना ते विचारून.